चौसष्ट घरांचं इंजिन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘गाडी ट्यून करून आणली’ हे वाक्य एके काळी गाडीवाल्या घरांतून वर्षातून दोनदा तरी ऐकू यायचं. लग्नाला जायचं असो की महाबळेश्वरला, आधी गाडी मिस्त्रीकडे. हल्ली असं कुणी म्हणत नाही. गाडी ‘सर्व्हिसिंग’ला जाते, तिथला मुलगा स्टिअरिंगखाली एक वायर जोडतो, संगणकाच्या पडद्यावर काही तरी वाचतो आणि आपण बिल भरतो. मग इंजिनाचा सूर लावण्याचं ते जुनं काम गेलं कुठे? ते कुणी नेलं, का नेलं आणि पुढे काही हौशी लोकांनी ते परत कसं मिळवलं, याची गोष्ट मला आज सांगायची आहे. गोष्ट थोडी तांत्रिक आहे. पण भाजीत मिठाचा अंदाज एकदा तरी चुकलेल्या कुणालाही ती कळेल, असं चाळीस वर्षं ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकवल्यावर मी म्हणू शकतो.

माझे मामा कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज चालवायचे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे पाने पुसायला आणि चहा आणायला असायचो. फियाट, अ‍ॅम्बॅसडर, क्वचित एखादी जीप. मामा इंजिन गरम होऊ देत, मग कार्बोरेटरच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावून मान तिरकी करत. अर्धा फेरा घट्ट, पाव फेरा ढिला. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत, डॉक्टर नळी लावतात तशी. शेवटी एक चक्कर मारून आले की प्लग काढून बघत. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, चहाच्या रंगाचा असला की बरोबर. मी एकदा विचारलं, ‘‘मामा, नेमकं कळतं कसं?’’ ते म्हणाले, ‘‘आवळत गेलास की ती रडाय लागती. तितनं मागं यायचं.’’ पुढे मी अभियांत्रिकीची जाडजूड पुस्तकं वाचली, पण मिश्रण ‘लीन’ झाल्याचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही.

मामा करत होते ते असं. पेट्रोल जळायला हवा लागते आणि दोघांचं प्रमाण ठरलेलं असतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा. पूर्ण जोर हवा असेल तर पेट्रोल थोडं जास्त लागतं, म्हणजे साडेबारा-तेरा ग्रॅम हवेला एक ग्रॅम. कार्बोरेटर हे प्रमाण सांभाळायचा एका साध्या युक्तीने. नळीचा गळा अरुंद केला की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल आपोआप ओढलं जातं. युक्ती सुंदर, पण ती सगळीकडे पुरी पडत नाही. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. हवा विरळ होते, कार्बोरेटरला त्याचा पत्ता नसतो, पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही. म्हणून तर जुन्या गाड्या घाट चढून गेल्यावर काळा धूर सोडत आणि दमल्यासारख्या चालत. त्यातही स्क्रूने सुधारायची ती मुख्यतः संथ चाल. बाकीच्यासाठी जेट बदलायचे, आणि ते कोण रोज बदलणार?

या कामावर गदा आली ती कोल्हापुरापासून फार लांब, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर असा झोंबरा, डोळ्यांतून पाणी काढणारा धूर उतरला, की जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी लोकांना भीती वाटली. युद्धाचेच दिवस होते ते. हा धूर पुढे दरवर्षी येत राहिला. त्याचं मूळ शोधलं आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत अननसाचा स्वाद कशाने येतो याचा अभ्यास करत होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं, की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हा धूर तयार होतो. म्हणजे गुन्हेगार शत्रूचं विमान नव्हे, दारातली गाडी. मोटार कंपन्यांनी हे सहजासहजी मानलं नाही. पण १९७० साली अमेरिकेत हवा शुद्धतेचा कायदा झाला आणि गाड्यांच्या धुरातले घातक वायू काही वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्यात लिहिलं गेलं.

यावर तोड निघाली ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या डब्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा असतो, त्यावरून जाताना विषारी वायूंचं रूपांतर होतं. तीनही प्रकारचे वायू एकदम साफ करणारा डबा मोठा लहरी. मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच काम करतो. जरा पेट्रोल वाढलं की एक वायू सुटतो, जरा घटलं की दुसरा. इतका नेम, रस्त्यावर, प्रत्येक क्षणी साधायचा, हे स्क्रूचं काम नव्हतं आणि कानाचंही नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक्सने पेट्रोल मोजायची कल्पना मात्र आधीच तयार होती. १९५७-५८ मध्ये बेंडिक्स कंपनीने ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची यंत्रणा काढली. क्रायस्लरच्या जेमतेम तीनेक डझन गाड्यांत ती बसली. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची उष्णता आणि ओल सोसेनात, बहुतेक मालकांना शेवटी कार्बोरेटर बसवून दिले गेले. बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार घेत जर्मनीच्या बॉशने १९६७ साली ‘डी-जेट्रॉनिक’ आणली. फोक्सवॅगन १६०० ही गाडी अमेरिकेत विकायची होती, म्हणून. ‘डी’ हे ‘ड्रुक’ या जर्मन शब्दाचं आद्याक्षर, अर्थ दाब. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजायचा, त्यावरून हवा किती आली याचा हिशेब करायचा आणि तेवढ्या पेट्रोलपुरता विजेचा झडपवजा फवारा उघडायचा. हाच तो इंजेक्टर. १९७६ मध्ये बॉशचा लॅम्डा सेन्सर व्होल्व्हो गाड्यांत आला. धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही हे हुंगून तो सतत सांगत राहतो, ‘पेट्रोल जास्त’, ‘पेट्रोल कमी’. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींचा हिशेब एकाच डबीतल्या मायक्रोप्रोसेसरकडे गेला. १९८१ पर्यंत अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत संगणक होता.

या डबीला इंग्रजी आद्याक्षरांनी ईसीयू म्हणतात. तिच्या पोटात काय असतं? माझे विद्यार्थी पहिल्या दिवशी समजतात की काही तरी अफाट गणित असणार. असतो तो एक तक्ता. आडव्या ओळीत इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, उभ्या ओळीत आत शिरणाऱ्या हवेचा दाब. आडव्या-उभ्या रेघांनी जी घरं पडतात, त्या प्रत्येकात एक आकडा. या फेऱ्यांना, इतक्या दाबाला, सिलिंडर किती टक्के भरतं. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरतं. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर एका सिलिंडरचं अख्खं आवर्तन २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतं. इंजेक्टरला मिळतो तो त्यातलाच काही मिलिसेकंदांचा अवधी. अशाच दुसऱ्या तक्त्यात ठिणगी किती आधी पाडायची ते आकडे. मामांचा अर्धा फेरा, पाव फेरा या तक्त्यात जाऊन बसला होता. फरक एवढाच, की तक्ता लिहिणारे कंपनीतले अभियंते होते आणि डबीला बाहेरून एकही स्क्रू नव्हता.

आपल्याकडे हे सगळं वीस वर्षं उशिरा आलं, आणि एकदम आलं. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल हवं, कारण शिशाने तो डबा मरतो. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानकांचा आदेश दिला, २००० साली शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं, आणि त्याच सुमारास मारुतीच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही चार अक्षरं दिसू लागली. मामांच्या गॅरेजात तशी पहिली गाडी आली तेव्हा मी योगायोगाने तिथे होतो. संथ चालीवर ती मिसिंग मारत होती. मामांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून पाहिलं, हात पुसले आणि बॉनेट लावलं. ‘‘शोरूमला न्या साहेब,’’ एवढंच म्हणाले. त्यानंतर ते क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शनची कामं करत राहिले. इंजिनाच्या कामाला नव्या गाड्या त्यांनी घेतल्या नाहीत.

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी वर्गात ठासून सांगत असे, की शहराच्या हवेचा प्रश्न आहे, आणि प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने खपून भरलेल्या आकड्यांना रस्त्यावरच्या माणसाने हात लावू नये. डबीशी खेळणारे म्हणजे मोठा आवाज काढत फिरणारी श्रीमंत पोरं, अशी माझी समजूत होती.

ती समजूत अर्धीच बरोबर होती. डबी उघडणारे लोक १९८०च्या दशकापासूनच होते. त्या काळी तक्ता एका चिपवर लिहिलेला असे. चिपला काचेची इवलीशी खिडकी, तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला की पाटी कोरी होई आणि नवे आकडे लिहिता येत. मूळ चिप काढायची, तिची नक्कल घ्यायची, एकेक आकडा बदलून बघायचं की गाडीत काय होतं. कोणत्या घरात काय आहे हे सांगणारं पुस्तक कंपनीने दिलेलं नसे, त्यामुळे हे काम शिलालेख वाचण्यासारखं चालायचं.

दुसरा रस्ता असा, की कंपनीची डबी सोडूनच द्यायची आणि स्वतःची बसवायची. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९८६ मध्ये हॅलटेक आणि मेलबर्नला १९८७ मध्ये मोटेक या कंपन्या निघाल्या. त्यांच्या डब्यांत तक्ता मोकळा असे, संगणक जोडून आकडे बदलता येत. याची गरज कुणाला? ज्याने इंजिनात काही बदल केला त्याला. टर्बो बसवला, इंजेक्टर मोठे घातले, कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला इंजेक्शन लावलं, की मूळ तक्ता खोटा पडतो. तो त्या एका इंजिनासाठी लिहिलेला असतो. पण या डब्या महाग. शर्यतीच्या संघांना परवडत, घरच्या गॅरेजात हात काळे करणाऱ्याला नाही.

२००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकी गृहस्थांनी यावर जो उपाय काढला, तो मला आजही फार आवडतो. त्यांनी डबी विकायला काढलीच नाही. सुटे भाग आणि छापील सर्किटची पाटी द्यायची, जोडणाऱ्याने घरी बसून एकेक भाग डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडायचा. नाव ठेवलं मेगास्क्वर्ट, मोठी पिचकारी! आत मोटोरोलाचा आठ बिटांचा साधा प्रोसेसर. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी ५१२ बाइट जागा. आजच्या मोबाइलवरचं एक छायाचित्र याच्या शंभरपट जागा खातं. ठिणगीशी तिचा संबंध नव्हता, ती फक्त पेट्रोल बघायची. आणि पद्धत? हवेचा दाब मोजून हिशेब करण्याची, चौतीस वर्षांपूर्वीच्या डी-जेट्रॉनिकच्याच घराण्यातली. प्रोग्रॅम वाचायला आणि सुधारायला खुला ठेवला होता, फक्त तो त्यांच्याच पाटीवर चालवायचा ही अट. लोकांनी त्यात ठिणगीची भर घातली, आणखी काय काय घातलं. पुढे अर्डुइनो या स्वस्त पाटीवर चालणारी पूर्णपणे खुली स्पीडुइनो आली. पण मूळ मेगास्क्वर्टचा तक्ता आठ बाय आठचा होता. चौसष्ट घरं. बुद्धिबळाच्या पटाएवढी.

ही घरं भरायची कशी, ते सांगतो. गाडी डायनो नावाच्या यंत्रावर चढवतात. चाकं रुळांवर फिरतात आणि यंत्र हवा तेवढा विरोध करून इंजिनाला एकाच घरात धरून ठेवतं. समजा, तीन हजार फेऱ्या आणि साठ किलोपास्कल दाब. धुराच्या नळीत वाईडबँड सेन्सर असतो. जुना लॅम्डा सेन्सर फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणतो, हा नेमका आकडा सांगतो. १९९०च्या दशकात हे सेन्सर गाड्यांत आले, पुढे स्वस्त झाले, आणि घरगुती ट्युनिंग खऱ्या अर्थाने शक्य झालं ते त्यांच्यामुळे. सुरुवात नेहमी पेट्रोल जास्त ठेवून करायची आणि हळूहळू काढत जायचं. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळे पडतात, धूर होतो, नुकसान थोडं. कमी झालं आणि इंजिनावर भार असला, तर आतलं तापमान भडकतं, मिश्रण ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी कोपऱ्यात आपोआप फुटतं. हेच नॉकिंग. ते काही सेकंद चाललं तरी धातू वितळू शकतो. आणि हे नॉकिंग पकडायला अनुभवी ट्यूनर काय करतात? इंजिनाच्या अंगावर छोटा माइक बसवतात आणि हेडफोन कानाला लावतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला मामांचा स्क्रूड्रायव्हर आठवून हसू आलं.

पाहिलं ते आमच्याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. विद्यार्थी स्वतः रेसिंग कार बांधतात अशा स्पर्धा आता आपल्याकडेही होतात. आमच्या मुलांनी इंजिन घेतलं केटीएम ३९० मोटरसायकलचं. ते पुण्याजवळ चाकणला बनतं, तेव्हा ३७३ सीसीचं होतं, एकच सिलिंडर. अशा स्पर्धांचा नियम असतो की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका गळ्यातूनच गेली पाहिजे, म्हणजे वेगावर लगाम राहतो. आता गळा आवळला की मोटरसायकलच्या मूळ डबीतला तक्ता चुकीचा. नवी डबी आणि नवा तक्ता हवाच. मी त्यांचा मार्गदर्शक होतो. ‘आकड्यांना हात लावू नका’ म्हणणाऱ्यानेच त्या खरेदीवर सही केली.

पहिल्याच वर्षी घात झाला. स्पर्धेला दहा दिवस उरले होते, डायनोची वेळ मिळत नव्हती. कुणाकडून तरी एक तयार ‘मॅप’, म्हणजे भरलेला तक्ता, मिळाला. इंजिन तेच, डबी तीच, गळाही २० मिलिमीटरचाच. इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघणारी मुलगी म्हणाली, ‘‘सर, वाईडबँड लावून मगच फुल थ्रॉटल देऊ या, दोन दिवस लागतील.’’ मी म्हणालो, ‘‘दोन दिवस नाहीत आपल्याकडे. चालवा.’’ गाडी छान चालली. पटकन सुरू झाली, संथ चाल एकसारखी, सगळे खूश. मग मैदानाच्या लांब बाजूला मुलाने पहिल्यांदा पूर्ण थ्रॉटल दिला. आठ हजारांच्या पुढे आवाज बदलला, एकदा मोठ्याने खोकल्यासारखं झालं आणि इंजिन बंद.

उघडून पाहिलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक. करंगळी जाईल एवढं. कारण शोधायला रात्र गेली. तो मॅप ज्यांचा होता त्यांनी इंजेक्टर मोठे वापरले होते. तक्त्यातून शेवटी निघते ती उघडं राहण्याची वेळ. मोठ्या इंजेक्टरमधून पाच मिलिसेकंदांत जेवढं पेट्रोल येतं, तेवढं आमच्या मूळ इंजेक्टरमधून कसं येणार? कमी भाराला लॅम्डा सेन्सरच्या दुरुस्तीवर सगळं सावरत होतं, पूर्ण भाराला ती दुरुस्ती बंद असते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून आम्ही घाट उतरत होतो.

नवं इंजिन मिळालं नाही. स्पर्धेला गाडी नेली, ढकलत तपासणीला उभी केली, धावली नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ती एकमेव संधी होती. त्या मुलीने मला कधीच काही बोलून दाखवलं नाही. ते जास्त लागलं.

कोल्हापूरला गेलो तेव्हा मामांना हे सांगितलं. त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘‘प्लग काढून बघितला हुता का?’’ नाही. चार लॅपटॉप होते तिथे, पण प्लग कुणीच काढून बघितला नव्हता. थोडा भार देऊन बंद करून पाहिला असता, तर पांढराफटक दिसला असता.

या प्रकरणाने माझं मत उलट व्हायला हवं होतं, म्हणजे मूळपदावर यायला हवं होतं. पण त्याच काळात जगात दुसरं एक प्रकरण गाजत होतं. अमेरिकेत जुलै २०१५ मध्ये एक वाद चालू होता. गाडीच्या मालकाला तिच्या संगणकातला प्रोग्रॅम वाचायची, बदलायची मुभा द्यावी की तो कॉपीराइटने बंद ठेवावा? तिथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, मुभा देऊ नये असं लेखी कळवलं. लोक छेडछाड करतील, धूर वाढेल, हे कारण. मी अगदी तसंच म्हटलं असतं. दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ ला, त्याच ईपीएने जाहीर केलं की फोक्सवॅगनने स्वतःच डिझेल गाड्यांच्या डबीत लबाडी लिहून ठेवली आहे. प्रयोगशाळेत तपासणी चालू आहे हे डबी ओळखायची आणि तेवढ्यापुरती सभ्य वागायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. हे उघड होण्याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने केली होती. त्यांनी मोजयंत्र गाडीतच ठेवून रस्त्यावर चाचणी घेतली. एका गाडीतून नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघत होती. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. आणि तो कॉपीराइटचा वाद? ऑक्टोबर २०१५ मध्ये दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांपुरती मुभा मंजूर झाली, वर्षभराने लागू झाली.

म्हणजे बंद डबीवर आंधळा विश्वास ठेवावा असं काही तिच्या कुलपात नसतं. पण खुल्या डबीचा हिशेबही चांगला नाही. २०२० मध्ये ईपीएने अंदाज दिला, की आधीच्या दहा वर्षांत अमेरिकेत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. अशा कामात नवा तक्ता भरणं हा भाग असतोच. इथे स्वातंत्र्याचा प्रश्न येत नाही, शेजाऱ्याच्या नाकात धूर सोडण्याचा येतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. पण तपासतो कोण आणि कसं? पेट्रोल गाडीच्या पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालतात तेव्हा गाडी उभी असते, संथ चालीवर. चौसष्ट घरांपैकी एखाद-दुसऱ्या घराची परीक्षा होते ती. बाकीच्या घरांत काहीही लिहिलेलं असू शकतं, कंपनीने किंवा गल्लीतल्या पोराने. माझ्या मते पहिली दुरुस्ती तिथे हवी. कुलूप कुणाच्या हाती, हा वाद त्यानंतर.

शर्यतीच्या मैदानावर किंवा मूळ डबी मिळेनाशी झालेल्या जुन्या गाडीसाठी मी आता नव्या डबीच्या बाजूचा आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर आपल्या नव्या दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळपास गेला. आजपासून वीस वर्षांनी त्यांच्या डब्या बिघडतील तेव्हा त्या कुठे मिळणार? तेव्हाच्या मिस्त्रीला स्क्रू मिळणार नाही, निदान तक्ता तरी मिळू दे.

पुढच्या वर्षी मुलांनी तक्ता पहिल्या घरापासून स्वतः भरला. त्यांची डबी नवी होती, सोळा बाय सोळाची, २५६ घरांची. तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. दर दहा-पंधरा घरांनंतर इंजिन बंद करून प्लग काढला जाई, टॉर्च मारून रंग बघितला जाई आणि वहीत लिहिला जाई, ‘चहा’, ‘कमी दुधाचा चहा’, ‘कॉफी’. गाडी धावली. बावीस किलोमीटरची सहनशक्तीची फेरी तिने पुरी केली.

ती फाइल आता कनिष्ठ मुलांकडे आहे. नियमाप्रमाणे वर टिपणीची एक ओळ लिहायची सोय असते. तिथे आदल्या वर्षी नापास झालेल्या गाडीच्या त्या मुलीने, नोकरीवर रुजू झाल्यावरही मुद्दाम एका शनिवारी येऊन, लिहून ठेवलं आहे : ‘इंजेक्टर मूळ. आधी वाईडबँड लावा. हा मॅप जसाच्या तसा कुणालाही देऊ नये.’